मास्तरांची जुनी माती

खोली दाखवून झाल्यावर मास्तरांनी मला एकच अट सांगितली.

"केर काढलात की माती वेगळी ठेवायची. केस, कागद, दोरे तुमच्या डब्यात. माती जिन्याखालच्या बादलीत. ती बाहेर फेकायची नाही."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ते जिन्याखाली गेले, प्लास्टिकची निळी बादली पुढे ओढली आणि आतली मूठभर धूळ मला दाखवली. "आधीच्या भाडेकरूंची," म्हणाले. "वर्षभराची. माणूस व्यवस्थित होता."

मी लातूरकडची. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती थेट इथे, मुरूडच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. वय सत्तावीस. ओळखीचं कुणी नाही, भाषा मराठीच पण सूर वेगळा, आणि हवेत सदा एक खारट ओल, जिच्यामुळे माझे कपडे चार-चार दिवस वाळायचे नाहीत. खोली समुद्राच्या बाजूला होती, खिडकीला जाळी होती. केराची अट मी मान्य केली.

मास्तर शाळेत कधीच शिकवायला नव्हते. खाडी ओलांडणाऱ्या लाँच चालत, त्या काळात ते जेट्टीवर होते. तिकिटं फाडायची, माणसं मोजून आत सोडायची, भरतीला फळी वर आणि ओहोटीला खाली. आधी जेट्टीमास्तर, मग नुसतेच मास्तर. आता मोठी फेरी येते, तिच्यात गाड्या चढतात, तिकिटं काढायला तरणी मुलं आहेत. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी रोज संध्याकाळी ते आगरदांड्याला जायचे आणि पलीकडून आलेल्या फेरीतून माणसं उतरताना बघत उभे राहायचे. सगळी उतरली की परत.

एकदा मी विचारलं, "कुणी यायचं असतं का?"

"नाही."

"मग?"

"उतरतात नीट की नाही, ते बघतो."

घरची माणसं सोडून ते सगळ्यांना 'अहो-जाहो' करायचे. मला, दूधवाल्याला, पडवीत येऊन झोपणाऱ्या मांजरालासुद्धा. "अहो, उठा तिथून, पोतं ओलं आहे," असं मांजराला म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

पोत्यांबद्दल सांगायला हवं. मागच्या पडवीत भिंतीला लागून जुन्या मातीची पोती उभी असत. कुंडीतलं झाड संपलं, हंगाम संपला, की लोक कुंडी उलटी करून माती गटाराकडेला टाकतात. मास्तर टाकत नसत. ती ताडपत्रीवर पसरून आठ-दहा दिवस उन्हात ठेवायची, ढेकळं फोडायची, वाळू चाळायच्या चाळणीतून काढायची, मुळं आणि हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचायच्या. मग थोडी राख, मूठभर कडुनिंबाची पेंड, आणि पोत्यात. लाँचला नंबर घालायचा लाल रंग त्यांच्याकडे उरला होता, त्याने प्रत्येक पोत्यावर लिहिलेलं असे. 'गुलछडी, दोनदा.' 'मिरची. कांद्याला नको.' एका पोत्यावर नुसतंच 'आजारी.' त्या मातीतली रोपं कसल्याशा रोगाने मेली होती. ती ते कधी परत वापरत नसत, पण फेकूनही देत नसत. लांबच्या कोपऱ्यात, बाकीच्या पोत्यांपासून दूर, ते पोतं एकटं उभं असे.

शेजारी मुंबईच्या एका माणसाचा बंगला होता. सुट्ट्या संपल्या की तिथला वॉचमन वाळलेली शोभेची झाडं कुंड्यांसकट फाटकाबाहेर आणून ठेवायचा. मास्तर हातगाडी घेऊन जायचे. पहिल्यांदा वॉचमन म्हणाला, "न्या ना काका, चांगल्या कुंड्या आहेत." मास्तरांनी सगळी माती गाडीत ओतली, कुंड्या घरी आणल्या, धुतल्या आणि पुसून परत नेऊन दिल्या. वॉचमनला वाटलं, यांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. गावातही तसंच मत होतं. त्यांच्याकडे धुणंभांडी करायला येणारी सुंदराबाई मला जिन्यात हळू आवाजात म्हणाली होती, "मानूस देव हाय ओ. पन मातीचं येड हाय त्याला. वादळापासून."

त्या मातीत ते फुटबॉल लिलीचे कांदे लावत. मे महिन्यात जमिनीतून एकच दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक केसाळ चेंडूसारखं फूल येतं, ते. आठ-दहा दिवस फूल, मग पावसाळाभर रुंद पानं, दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी, आणि मग सहा महिने कुंडीत काहीच नाही. बेचाळीस कुंड्या. वर्षातला निम्मा काळ अंगणात बेचाळीस रिकाम्या कुंड्या मांडून ठेवल्यासारखं दिसे.

मी म्हटलं, "मास्तर, जुन्या मातीत कस कुठला राहतो? नवीन आणा ना एखादी गाडी."

"कांद्याला कस लागत नाही," ते म्हणाले. "गुलाबाला लागतो, टोमॅटोला लागतो. कांदा आपला डबा बरोबर घेऊन येतो. त्याला फक्त टेकायला जागा लागते, आणि पाणी साठायला नको. नवीन शेणखतात घाला, सडतो."

हे सगळं मी ऐकलं होतं. तरीही मी केलं ते केलं.

पहिला पावसाळा आणि हिवाळा गेला. रविवारी दवाखाना बंद. मी सकाळी आईला फोन करायची, मग डोकं धुवायची, मग दिवस संपता संपायचा नाही. खाली मास्तर माती चाळत बसलेले असत. चाळणीचा तो एकसुरी आवाज मला हळूहळू आवडायला लागला होता. आम्ही फार बोलत नव्हतो. ते कुळथाचं पिठलं करत तेव्हा वाटीभर जिन्यावर ठेवत, मी भाकरी केली की दोन खाली नेत असे. घरात एका बाईचा फोटो होता, हार नसलेला. मास्तरांच्या पत्नी, काकू, मुलाकडे वाशीला असतात, एवढंच मला माहीत होतं.

मार्चमध्ये मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. तोपर्यंत मास्तरांनी कुंड्या उलट्या करून मोठे कांदे काढले होते, राख लावून टोपलीत ठेवले होते. माती ताडपत्रीवर होती, अर्धी चाळलेली, अर्धी तशीच. गाडीत बसताना म्हणाले, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका."

पाच दिवसांनी मुलाचा फोन आला. चांगला मुलगा, वडिलांची काळजी असलेला. "ताई, एक रिक्वेस्ट आहे. ते जुनं मातीचं सगळं काढून टाकता येईल का? डॉक्टर म्हणतात, धुळीत अजिबात जायचं नाही. मी पॉटिंग मिक्सच्या बॅगा पाठवतोय, एकदम तयार असतं. तुम्ही कुंड्या भरून लावून टाका. बाबांना सरप्राइज."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. त्या गावात मी ज्याच्यासाठी काही करावं असं दुसरं कुणी नव्हतंच.

बॅगा आल्या. काळीभोर, मऊ, सुगंधी म्हणावी अशी माती. मागच्या वाडीत वादळात माड उन्मळून पडले तिथले खड्डे अजून तसेच होते. सुंदराबाई आणि तिचा नवरा, दोघांनी घमेल्यांनी जुनी माती नेऊन त्यातल्या दोन खड्ड्यांत ओतली. ताडपत्रीवरची आणि, 'आजारी' सोडून, पोत्यांतलीसुद्धा. पोती धुऊन मी दोरीवर वाळत घातली. सुंदराबाई एकदा म्हणाली, "मास्तर ओरडायचं न्हाईत ना?" मी म्हटलं, "डॉक्टरांनीच सांगितलंय." मग बेचाळीस कुंड्या भरल्या, कांदे लावले आणि लातूरच्या माणसाला पाण्याची जी हौस असते त्या हौसेने रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं.

तीन आठवड्यांनी मास्तर आले. डोळ्यांवर काळा चष्मा. अंगणात उभे राहिले. मी जिन्यावरून उतरत होते, ते ओळीने लावलेल्या कुंड्या बघत होते. वाकायला बंदी होती, म्हणून त्यांनी एक कुंडी मला वर उचलायला सांगितली आणि तिच्यात बोट खुपसलं. मग बोटाचा वास घेतला.

"जुनी कुठाय?"

मी सांगितलं.

ते ओरडले नाहीत. आत गेले आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी फेरी बघायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यावर मी ठेवलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या. दवाखान्यात मी एका बाईच्या रक्ताच्या नळीवर भलत्याच बाईचं नाव लिहिलं, वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर मास्तर वाडीतल्या खड्ड्याशी खुर्ची टाकून बसलेले. शेजारी चाळण. काळा चष्मा लावून नुसतेच बसलेले.

मी जवळ गेले. "मी चाळते," म्हटलं.

"तुम्हाला दवाखाना आहे."

"रजा टाकते."

त्यांनी चाळण माझ्याकडे सरकवली. मी खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने सुंदराबाईही पदर खोचून उतरली. चार दिवस आम्ही दोघी माती वर काढत होतो आणि चाळत होतो. मास्तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धूळ येणार नाही असे बसून सांगत होते. "हळू. ढेकूळ हाताने फोडा, खोऱ्याने नको. कांदा कापला जाईल." कारण त्या अर्ध्या न चाळलेल्या मातीत मोठ्या कांद्यांची पिल्लं होती. लसणीच्या पाकळीएवढी. ती मला माहीतच नव्हती. कौलाचे तुकडे, खिळे, शिंपल्यांचा चुरा यांच्यातून ती वेचायची. एकेक सापडलं की मास्तरांच्या पुढच्या सुपात टाकायचं.

चाळायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही पाणी प्यायला थांबलो तेव्हा, ते आपणहून बोलले.

"वादळात आम्ही दोघं न्हाणीघरात बसलो होतो. तिथे वर स्लॅब आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिने माझा शर्ट मुठीत धरला होता. बाहेर एकेक माड पडायचा, ती मोजायची. तेवीस मोजले. बाहेर आलो तर एकोणतीस पडलेले."

सुंदराबाई म्हणाली, "आमचं तर छप्परच ग्येलं हुतं."

"चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, मुलगा आला. ती गाडीत बसली. मी म्हटलं, महिनाभर राहा, मग ये. ती हो म्हणाली." त्यांनी सुपातली पिल्लं बोटाने सारखी केली. "नंतर वाशीहून म्हणाली, मला आता त्या घरात झोप नाही लागायची. मग मीच वाशीला चार दिवस राहून बघितलं. बाराव्या मजल्यावर मला नाही लागत. भांडण झालं असतं तर समजूत काढता आली असती."

मी विचारलं, "आणि ही लिली?"

"तिच्या कुंड्या होत्या. फुटून अंगणभर माती झाली होती. मी घमेल्याने गोळा करत बसलो. काही शोधत नव्हतो, खोटं कशाला बोलू? हाताला काम हवं होतं. पण चाळता चाळता कांदे निघायला लागले. दर वर्षी निघतात. विकतच्या पोत्यातून काय निघणार?"

मग म्हणाले, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत. उठा, ऊन उतरलं."

नव्या मातीतले बावीस कांदे सडले होते. हातात घेतले की पिचकत. उरलेल्यांचा मऊ भाग मास्तरांनी मला कापायला लावला, राख लावून सावलीत सुकवले, आणि जुन्या मातीत परत लावले. पिल्लं वेगळ्या कुंड्यांत. मुलाने पाठवलेली माती सुंदराबाईने आपल्या परसात नेली, तिथे तिला भोपळा भरपूर आला.

त्या मे महिन्यात अकरा फुलं आली. आणि त्याच आठवड्यात काकूही आल्या.

रेवदंड्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तिथून पुढे मुलगा त्यांना तासाभरासाठी घरी आणणार होता. मास्तरांना दोन दिवस आधी कळलं. त्यांनी न्हाणीघर घासलं. खाटेवर नवी चादर घातली. मला म्हणाले, "तासाभरासाठी म्हणतायत. पण समजा, राहायचं मनात आलं तर? उशी एकच आहे." मी माझी एक उशी खाली नेऊन दिली.

काकू लहानखुऱ्या, गोऱ्या, लग्नातल्या पैठणीत होत्या. अंगणात शिरल्या आणि कुंड्या बघून थांबल्या.

"अगबाई! एवढ्या? माझ्या तर चारच होत्या."

"वाढल्या," मास्तर म्हणाले.

"मी काय हौशीने लावल्या होत्या का? दारात मोकळं दिसू नये म्हणून कुणीतरी दिलेले कांदे खोचले होते." असं म्हणत त्या एका फुलापाशी वाकल्या आणि त्याच्यावरून तळहात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "बरी आलीयेत हो."

ओटीवर बसल्या. मी चहा केला. त्यांनी सुंदराबाईची चौकशी केली, मला माझ्या आईबद्दल विचारलं, मास्तरांना 'डोळा कसा आहे' विचारलं. मास्तर एकेका शब्दात उत्तरं देत होते आणि त्यांच्याकडे बघत होते. मुलगा फोनवर होता. एक तास झाला, वर अर्धा तास झाला. काकूंनी पाय वर घेऊन मांडी घातली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उशी लागणार.

मग समुद्रावरून ढग आले. मेअखेरीला येतात, तसे. पाऊस नव्हताच. नुसता वारा सुटला आणि वाडीत उरलेले माड एकदम सळसळायला लागले. एक झावळी कुठेतरी धपकन पडली.

काकूंच्या हातात बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली. चेहऱ्याचा रंग गेला आणि डोळे छपराला चिकटले. ओठ हलत होते. त्या मोजत होत्या.

मास्तर उठले. "गाडी काढ रे," मुलाला म्हणाले. "वाटेत पोयनाडला गर्दी लागेल. निघा."

"बाबा, पाच मिनिटं..."

"आत्ता काढ."

त्यांनी काकूंच्या चपला स्वतः आणून पायाशी ठेवल्या. मग अंगणातून फुलं असलेल्या चार कुंड्या एकेक करून उचलल्या आणि गाडीकडे नेल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीत माती सांडेल." काकू आत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांडू दे. ठेवा इथे पायाशी." चारी कुंड्या त्यांच्या पायांभोवती ठेवल्या. पैठणीच्या काठाला माती लागली. गाडी गेली.

मास्तर आत येऊन चादरीची घडी घालायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू द्या, मला येते." उशी त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केली.

दिवाळीनंतर माझी बदली झाली, लातूरजवळच. आईला आनंद झाला, मलाही व्हायला हवा होता. निघायच्या दिवशी सकाळी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. रात्रीपासून वारा वेड्यासारखा वाहत होता, अंगणात झावळ्यांचा खच पडला होता. मी सामान घेऊन खाली आले, नमस्कार करावा म्हणून. मास्तर खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. त्यांचा फोन वाजलेला मी एवढ्या दिवसांत क्वचितच ऐकला होता, आणि वाजला तरी मुलाचा असे. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली.

"पिवळी पडणारच," ते म्हणत होते. "नाही गं, मेलेला नाही. पाणी बंद कर आता. अजिबात घालू नकोस. पानं आपोआप गळू देत. कुंडी एका कडेला सरकवून ठेव. हो, चारी. माती कशाला बदलायची? तीच राहू दे. नंतर मी सांगेन कशी वाळवायची ती."

मग बराच वेळ ते ऐकत राहिले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. माड कमरेत वाकत होते.

"वारा?" ते म्हणाले. "नाही. कुठाय वारा? पानसुद्धा हलत नाहीये."

दार आपटून आवाज होऊ नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.